खड्ड्याची संमती

गल्लीची लांबी एकशे चाळीस मीटर. मी काढलेले तिचे फोटो दोनशे चौदा. त्यांपैकी नकाशावर चढलेले दोनशे तेरा. उरलेला एक फोटो मावशीच्या फाटकासमोरच्या खड्ड्याचा होता आणि तो नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकला होता.

त्याच्याशिवाय बाकीचे दोनशे तेरा निरुपयोगी होते. मावशीचा पाय प्लास्टरमध्ये, ती चाकांच्या खुर्चीत, आणि खड्डा फाटकाच्या रुंदीइतका. जन्मभर भूगोल शिकवलेली ही बाई महिनाभर बेटावर राहत होती. रस्ते विभागाचा नवा नियम असा, की लोकांनी फोटो चढवून तयार केलेल्या नकाशावर जो खड्डा दिसत नाही, तो अस्तित्वात नाही. स्वतःच बुजवला, तर सार्वजनिक मालमत्तेत विनापरवाना बदल केल्याचा दंड.

"एक फोटो चढत नाही, आणि म्हणे पदार्थविज्ञानात पहिली आली," काका म्हणाले.

"काका, बाकीचे सगळे चढलेत."

"बाकीच्यांत कोणी पडलंय का?"

नकाशाच्या मदत मंचावर 'होकायंत्र' या टोपणनावाचे एक ज्येष्ठ स्वयंसेवक शंकांचं निरसन करत. त्यांनी सुचवलं, ॲप बंद करून उघडा. मग, फोन बंद करून उघडा. मग, फोटोचं नाव बदला. शेजाऱ्यांचं वाय-फाय वापरून पाहा. मी शास्त्र शिकलेली असल्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि दर वेळी नव्व्याण्णव हाच आकडा टिपला. इतकं सातत्य मला प्रयोगशाळेत कधी लाभलं नव्हतं.

"अगं," मावशीने खिडकीतून विचारलं, "मी घर बंद करून उघडून बघू का?"

शेवटी होकायंत्रांना मूळ कारण सापडलं. खड्ड्यात वरच्या अंगाला शेजारीशेजारी दोन खोबणी होत्या आणि त्यांच्या खाली एक आडवी भेग. प्रणालीला तो चेहरा वाटला होता. रस्त्यावरचे चेहरे ती एरवी आपोआप धूसर करते. पण या चेहऱ्याने निम्म्याहून जास्त चौकट व्यापल्यामुळे ते व्यक्तिचित्र ठरलं, आणि व्यक्तिचित्राला संबंधित व्यक्तीची लेखी संमती लागते.

तो खड्डा आहे, असं मी नम्रपणे कळवलं. उत्तर आलं, 'आपली भावना समजू शकतो. तथापि, कोणाच्या दिसण्यावरून शेरेबाजी करणं मंचाच्या नियमांत बसत नाही.'

"आण इकडे, मी करतो सही त्याच्या वतीने," काका म्हणाले.

"नातं काय, ते विचारलंय."

"लिही, शेजारी."

"शेजारी कसला? तीन वर्षं दारात आहे," मावशी म्हणाली. "घरचाच म्हण."

मी प्रामाणिकपणे वयाच्या रकान्यात तीन लिहिलं. संमती तत्काळ फेटाळली गेली. व्यक्ती अल्पवयीन आहे. पालकाची सही आणा. खड्ड्याचे पालक म्हणजे रस्ते विभाग. तिथल्या कारकुनाने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला.

"ताई, सही करायला आमची काही हरकत नाही. पण खड्डा नकाशावर आहे का?"

"तो नकाशावर यावा म्हणूनच सही हवीय."

"मग आला की या."

होकायंत्र हरणारे नव्हते. त्यांनी अंतिम उपाय कळवला: चेहरा झाकून फोटो काढावा. काकांनी माळ्यावरून न्हाणीघराचं जुनं दार काढलं आणि खड्ड्यावर आडवं टाकलं. फोटो चार सेकंदांत चढला. दोनशे चौदापैकी दोनशे चौदा. मी अक्षरशः उडी मारली, अर्थात दारापासून लांब.

काकांनी त्याच दारावरून मावशीची खुर्ची अलगद ढकलत समोरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत नेली. "लागली बाई जमीन एकदाची," असं म्हणून तिने डोळे मिटले आणि उन्हाकडे तोंड केलं.

रस्ते विभागाने नवा फोटो त्याच दुपारी तपासला आणि दोन निर्णय दिले. एक, फोटोत खड्डा आढळत नाही, तक्रार निकाली. दोन, सार्वजनिक रस्त्यावर अनधिकृत दार आढळते, जप्त करावे. तासाभरात ट्रक आला. खड्डा सराईतपणे चुकवून थांबला. दोघे उतरले आणि त्यांनी दार उचललं.

"अहो, खाली खड्डा आहे!" मावशीला दुकानात सोडून घरी परतलेले काका फाटकातून ओरडले.

"दिसतोय ना," त्यातला एक म्हणाला. "पण आम्हाला आदेश दाराचा आहे, काका. खड्ड्याची तक्रार निकाली निघाली."

ट्रक गेला. काका फाटकाच्या आत होते, मावशी शिंप्याच्या दुकानात.

"अहो, मी आता घरी कशी येऊ?"

"थांब, हिला नकाशावर बघू दे."

मी बघितलं. फाटकासमोर दार होतं, सपाट आणि स्वच्छ. खाली, प्रत्येक फोटोखाली असतो तसा, नकाशा वापरणाऱ्या सर्वांसाठी एक प्रश्न होता: 'हा फोटो प्रत्यक्ष परिस्थितीशी जुळतो का?' त्याचं उत्तर द्यायला गल्लीत यावं लागत नाही. बसल्या जागी बोट टेकवलं की झालं. तुम्हीही कधीतरी, कुठल्यातरी गल्लीसाठी टेकवलं असेलच. या फोटोला संध्याकाळपर्यंत एक हजार दोनशे चाळीस उत्तरं आली होती.

मी घरातून पट्टी आणली आणि खड्ड्यात उभी धरली.

खोली चौतीस सेंटिमीटर. 'जुळतो' म्हणणारे अठ्ठ्याण्णव टक्के.