पंपाच्या नळीचा मान

बीड जिल्ह्यातल्या आमच्या कृत्रिम पर्जन्य सहकारी संस्थेकडे स्वतःचं विमान होतं. छोटं, एका इंजिनाचं, ढगात मीठ फवारायच्या कामाचं. एका सकाळी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची नळी जोडापाशी पाझरू लागली आणि नेमका त्याच सकाळी चकलांब्यावर ढग आला. लई दिवसांनी आलेला.

आमच्या संचालिका बायनाबाई यांची मोसंबीची बाग तिथंच. झाडांनी पानं टाकली होती. बाई उजाडताच धावपट्टीवर येऊन बसल्या.

"मुनव्वर, हात उचल लेकरा. ढग काय आपल्यासाठी थांबतोय व्हय?"

ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मुनव्वर मिस्त्रीनं नवी नळी जोडली, नट बेताचा आवळला. पायलटनं इंजिन चालवून पाहिलं. एक थेंब गळेना. तेवढ्यात फोटोवाल्याला घेऊन अध्यक्ष विठ्ठलरावांची जीप आली.

"जोडणी झाली? माझ्या माघारी?"

अध्यक्ष दुखावले. सहकारात असं चालत नाही. नट सैल करण्यात आला, नारळ फुटला आणि अध्यक्षांच्या शुभहस्ते तोच नट पुन्हा आवळण्यात आला. मग उपाध्यक्ष तात्याबा खाकरले. ते शिरूर कासारचे. शिरूरला डावललं असं दिसू नये म्हणून त्यांनाही एक पिळा देण्यात आला. शिरूरला दिल्यावर युसूफ वडगावच्या संचालकांना नाही कसं म्हणायचं? पाना हातोहात फिरू लागला.

"अहो, पुरे. आटे जातील," पायलट म्हणाला.

"तुमी बाहेरचे, साहेब," मुनव्वरनं समजूत घातली. "आवळू द्या. मान हाय त्यांचा." आणि कारागिरांचा प्रतिनिधी म्हणून त्यानं स्वतःचाही एक पिळा उरकून घेतला.

"आरं, ढग चालला की," बायनाबाई कळवळून सांगत होत्या. त्यांना शांत करण्यासाठी आम्ही महिलांच्या वतीनं पाना त्यांच्या हातात दिला. बाईंनी एकदा ढगाकडे पाहिलं, एकदा फोटोवाल्याकडे. पदर सावरला. आणि सगळ्यांपेक्षा जोरात पाना ओढला.

कट्ट. नटाचे आटे गेले, पंपाचेही गेले. नवा पंप आणण्यासाठी जागेवरच उपसमिती नेमली. ढग शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बरसला.

"माझी बाग गेली," म्हणत बाई रडल्या. मला फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून त्यांनी फोटोवाल्याला विचारलं, "पाना दिसतोय न्हवं?"

तुम्ही हसताय. मी साधा सभासद, माझ्यापर्यंत पाना आलाच नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. तुमच्या हातात आला असता, तर खरं सांगा, तुम्ही तो खाली ठेवला असता?