तीन खरिपांची प्रीती-चाचणी

लग्नासाठी मुलीचा होकार मिळवणे ही बाब विज्ञानाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे काही कारण नाही, असे एकोणीसशे चौपन्न साली माझे प्रामाणिक मत होते. नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी चांदा जिल्ह्यातल्या एका धानाच्या फार्मवर सहायक म्हणून लागलो होतो. फार्मला लागून तळे, तळ्यावर लटारूभाऊंची मासेमारी, आणि लटारूभाऊंना गोकुळा नावाची मुलगी. ती टोपली घेऊन आली की माझ्या लोंब्या मोजण्यात चुका होत. इतके पुरेसे आहे.

लटारूभाऊ सरळ माणूस. "आपल्याच जातीचे आहा, नोकरीवाले आहा. पोरगी हो म्हणन तं आमची ना नाई. तिले इचारा."

विचारायचे कसे, हे विचारायला मी हेडक्लार्क गुणवंतरावांकडे गेलो. त्यांनी जुन्या रीतीचे तीन सल्ले दिले. मुलीशी बोलू नये, मान राहतो. मुलीकडे पाहू नये, ओढ वाढते. भेट द्यावी ती उपयोगाची.

"माह्या लग्नात मी हेच केलं," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय? बाई आजही माह्याशी बोलत नाई. एवढा मान!"

तिन्ही सल्ले एकदम वापरले तर गुण कशाचा आला हे कळणार नाही, म्हणून दर खरिपाला एकच घ्यायचे ठरवले. तुलनेसाठी कंट्रोल हवा, म्हणजे ज्याला खत नाही, औषध नाही, काहीच नाही असा वाफा. त्यासाठी फार्मवरच्या बैलांची व्यवस्था पाहणारा इस्तारी निवडला. माझ्याच वयाचा, समाजाचा, बिनलग्नाचा. सल्ल्याने कोणी वागायचे आणि बिनसल्ल्याने कोणी, यात पक्षपात नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. सल्ले माझ्या वाट्याला आले.

"मले काय करा लागन?" इस्तारीने विचारले.

"काही नाही. गोकुळा आली की मनात येईल ते बोलायचं."

"हे सरकारी काम होय का?"

"शास्त्रीय आहे."

"मंग करतो."

पहिल्या खरिपात मी बोललो नाही. "काऊन जी, मुके झाले का?" गोकुळाने विचारले. मी गंभीरपणे धान पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने घशासाठी अडुळशाचा काढा पाठवला. प्रतिसाद उत्साहवर्धक होता.

दुसऱ्या खरिपात बोलण्याची मुभा होती, पाहण्याची नव्हती. मी बांधाकडे तोंड करून मोठ्या जिव्हाळ्याने बोलत असे. बांधावर म्हाताऱ्या गुणाबाईंचे निंदण चाले. एक दिवस त्या विळा ठेवून म्हणाल्या, "बाबू, माह्यासंग काऊन असा बोलतेस? माहे नातू लग्नाले आले."

तिसऱ्या खरिपात मी गोकुळाला उंदरांचा पिंजरा दिला.

तिने तो उलटा करून पाहिला. "याच्यात मासोळी राह्यते का?"

"उंदीर."

"मंग मले काऊन देता?"

"उपयोगी आहे."

तिने पिंजरा खाली ठेवला. "खरं सांगा जी, तुमच्या मनात काही आहे का? बाबा लग्नाचं पाहून राह्यले."

माझ्या मनात उत्तर तयार होते. परंतु कापणी व्हायची होती, आणि अपुऱ्या निरीक्षणांवरून निष्कर्ष काढणे मला शोभले नसते. मी म्हणालो, "कापणीनंतर कळवतो."

कापणीला सुरुवात झाली त्या दिवशी इस्तारी लाजत लाजत आला. "गोकुळाचं अन् माहं ठरलं जी."

"तू तिला काय सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणलं, मनात येते ते बोल. मनात आलं, माह्यासंग लग्न करतं का? बोललो."

"आणि ती?"

"ते म्हणे, तीन सालापासून वाट पाहून राह्यली, कोणीतरी इचारन म्हणून."

'कोणीतरी' हा शब्द मी बराच वेळ तपासला.

प्रयोगाचा माझा अहवाल गुणवंतरावांनीच दुरुस्त केला. कंट्रोल सर्वांत सरस आला, हे त्यांना मान्य होते. पण कंट्रोल म्हणजे काहीच न करणे, आणि काहीच न करण्याची शिफारस कोणी करत नसतो. सबब उरलेल्यांपैकी उत्तम म्हणून 'न बोलणे' शिफारसपात्र ठरले. त्यात निदान काढा मिळाला होता.

तेव्हापासून पार एटापल्लीहून तरुण माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी अविवाहित असल्याने निःपक्षपाती आहे, असा माझा लौकिक आहे. तिन्ही सल्ले ते मान डोलावून ऐकतात. मग मी इस्तारीने काय केले ते सांगतो, तर रागाने उठतात. "येवढ्यासाठी इतक्या दूर आलो का जी?"

वाचकहो, त्यांना हसू नका. जिच्याशी बोलायचे आहे तिला सोडून आपणही या क्षणी मलाच वाचत बसला आहात.