जवळजवळ नक्की

वलवणला आमच्या शेजारी राहणाऱ्या प्रज्ञाला रस्ता विचारू नये. मागे एका पाहुण्या गाडीवाल्याने काच खाली करून तिला विचारलं, "हा रस्ता धरणाकडेच जातो ना?" सगळा जन्म याच रस्त्यावर काढलेली प्रज्ञा क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "जवळजवळ नक्की." गाडीवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने गाडी वळवायला लावली. धरण पुढच्याच वळणावर होतं.

हा शब्द तिच्या अभ्यासातला आहे. पुण्याच्या एका संस्थेत ती गणितात पीएच.डी. करते आणि त्यासाठी तिला फेलोशिप मिळते. तिच्या आईला, कमलवहिनींना, याचं केवढं अप्रूप! "माझ्या पोरीला शिकायचा पगार मिळतोय," असं त्या भाजीवालीलाही थांबवून सांगतात. मग आवाज खाली आणून मला म्हणतात, "पर भाऊ, ती करती काय, ते लय इचारलं तरी कळत न्हाई."

मला थोडंसं कळलंय. लोणावळ्याच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि कागद-वह्यांचं दुकान आहे. पुण्याची लोकल चुकेल या धास्तीने प्रज्ञा इतकी लवकर निघते की तिला आधीचीच लोकल मिळावी. पण त्या लोकलने प्रज्ञा जात नाही, कारण ती तिची ठरलेली लोकल नसते. तेवढा वेळ ती माझ्या दुकानात स्टुलावर बसते.

"काका, कुठलाही आवाज घ्या," तिने एकदा सांगितलं. "तो साध्या साध्या लहरींची बेरीज असतो. आता प्रत्येक लहर मिळवायची की वजा करायची, हे नाणं उडवून ठरवलं, तर शेवटची बेरीज आटोक्यात राहील की हाताबाहेर जाईल?"

"राहील का?"

"काही अटी पाळल्या तर, जवळजवळ नक्की. म्हणजे शक्यता अगदी शंभर टक्के. तरीसुद्धा नाणी अशी पडूच शकतात की सगळं बिघडेल."

त्या बिघडणाऱ्या नाण्यांची काळजी ही पोरगी रोज डोक्यावर घेऊन हिंडते. कुलूप लावते, फाटकापर्यंत जाते, परत येऊन कुलूप ओढून बघते. सकाळी आई विचारते, "सांजच्याला जेवायला हायेस ना?"

"जवळजवळ नक्की."

"अगं बाई, जवळजवळ भाकरी कशी थापू मी?"

जानेवारीत एका दुपारी ती दुकानात आली आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला.

"काका, हा परत घ्याल?"

"का गं, शाई फुटते का?"

"नाही. आता लागणार नाही."

तिचा चेहरा बघून मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. मग तिच्याकडून कळलं: प्रबंधाच्या अगदी सुरुवातीला तिने दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं होतं. त्या अवलंबून होत्या. पुढचं सगळं त्यावरच उभं. आणि फेलोशिप चालू ठेवायची की नाही हे ठरवणारी समिती पुढच्या महिन्यात बसणार होती.

"तुझ्या गाइड मॅडमना सांगितलंस?"

"आणि त्या 'आता सोडून दे' म्हणाल्या तर? आई गावभर सांगून बसलीये."

"आधी फोन लाव."

ती कपाटाआड उभी राहून बोलली. मी दोन गिऱ्हाइकांना चुकीचे कागद दिले. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मॅडम म्हणाल्या, बरं झालं, चूक तुलाच सापडली. उद्या ये."

मग महिनाभर तिचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. कमलवहिनी कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "पोरीला काय झालंय ओ?" आणि मी झाडांना पाणी घालायला वळायचो. शेवटी सिद्धांत बचावला. आधीपेक्षा लहान, एक अट वाढवलेला, पण उभा राहिला.

समितीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "काका, याल का माझ्याबरोबर? बाहेरच्यांनाही बसता येतं."

"आईला ने की."

"नको. ती माझ्या तोंडाकडे बघत बसेल. तिला घाम फुटला की मलाही फुटेल."

मी दुकान बंद ठेवून गेलो. मागच्या बाकावर बसलो. फळा खडूने भरत गेला, आणि मिशा पांढऱ्या झालेल्या एका सरांनी मध्येच विचारलं, "ही पायरी कशावरून?" प्रज्ञाचा खडू हवेत थांबला. तिने थेट माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार? पण मी मान हलवली, दुकानात तिचं ऐकताना हलवतो तशी. ती फळ्याकडे वळली आणि उत्तर देऊ लागली. सरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही.

फेलोशिप चालू राहिली. परतताना स्टेशनावर चहा घेत मी विचारलं, "मला कशाला नेलंस गं? मला तर ओ की ठो कळलं नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्या खोलीत ज्याला ज्याला कळतं, तो चूक शोधत असतो. मीसुद्धा. नुसतं माझ्याकडे बघणारं एक माणूस हवं होतं."

मी चहाचे पैसे दिले. मग विचारलं, "पुढच्या वर्षी परत समिती बसते का?"

"बसते."

"मग दुकान बंद ठेवीन," मी म्हणालो.