सरोवर नगरातला एकुलता एक मासा

सरोवर नगर ही जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची नोकरदारांची कॉलनी. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली नगरपालिका रागावेल आणि बाकीच्यांना उगीच सुटल्यासारखं वाटेल. कॉलनीच्या जागी पूर्वी तळं होतं. ते आटलं, त्यावर प्लॉट पडले आणि तळ्याची आठवण म्हणून नाव तेवढं ठेवलं. नळ आठवड्यानं येई. तोही उशिरा येई, थोडा खाकरे आणि निघून जाई.

या कॉलनीत जगन्नाथराव राहत. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. नोकरीत त्यांनी कालव्यांचे नकाशे पुष्कळ पाहिले होते, कालव्यात पाणी कधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच असेल कदाचित, औरंगाबादला एका लग्नाला गेले असता दुकानाच्या काचेमागं पोहणारे मासे पाहून ते अक्षता पडून जाईपर्यंत तिथंच उभे राहिले. परतताना एसटीत त्यांच्या मांडीवर काचेची पेटी होती आणि हातात मासे सोडलेली पाण्याची पिशवी. बदनापूर येईपर्यंत उन्हानं बाकीचे गेले, एक तेवढा राहिला. सोनेरी अंगाचा, डाव्या डोळ्यावर काळा ठिपका असलेला.

त्याचं नाव त्यांनी मोठेसाहेब ठेवलं. तोंड उघडून मिटायचं आणि बोलायचं काहीच नाही, ही सवय हुबेहूब जुळत होती. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांपुढं जगन्नाथरावांच्या तोंडून कधी 'नाही' निघालं नव्हतं. या साहेबांना मात्र ते रोज संध्याकाळी मनातलं सगळं सांगत, आणि हे साहेब काचेपाशी थांबून ऐकत. त्या माशावर त्यांचा फार जीव होता. वीज गेली की हवेचा पंप बंद पडे. मग ते फुलपात्रानं पेटीतलंच पाणी वरून पेटीत ओतत बसत, म्हणजे पाण्यात हवा जाईल. नळाचं पाणी तर ते कधीच एकदम घालत नसत. घागरीत ठेवून द्यायचं, औषधाचा वास उडू द्यायचा आणि मगच पेटीत सोडायचं.

त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, हे पटत नसे. "माणसाला अंघोळीला तांब्याभर अन् माशाला घागरीवर घागरी. मला बी मासाच करायचं होतं देवानं," असं त्या म्हणत. पण पेटीतलं जुनं पाणी जास्वंदीच्या कुंडीत जाई आणि जास्वंद त्या पाण्यावर अशी फुले की त्यांना पुढं बोलता येत नसे.

मग पाऊस न झालेलं वर्ष आलं. लोकांनी टँकर मागितला, पालिकेनं आदेश दिला. ठरल्यापेक्षा जास्त पाणी घरात ठेवणं ही साठेबाजी समजण्यात येईल, जादा पाणी जप्त होईल, यातून पाळीव प्राण्यांची सोय वगळण्यात येत आहे. अंमलबजावणीला पाणीपुरवठ्याचे भुजंगराव निघाले. घरोघर ड्रमात काठी बुडवून ते माप घेत आणि जादा पाणी गाडीवरच्या टाकीत ओतून नेत. जगन्नाथरावांच्या घरी त्यांनी पेटीत काठी बुडवली, तसा मोठेसाहेब येऊन काठीला तोंड लावून गेला.

भुजंगरावांनी काठी बाहेर काढली आणि बराच वेळ विचार केला. "हे पाणी न्हाई," ते शेवटी म्हणाले, "हे त्याचं घर आहे. घर जप्त करायचा अधिकार आमच्या खात्याला न्हाई."

कायद्याचा अर्थ समजायला सरोवर नगराला वेळ लागत नाही. बघता बघता घरोघर काचेच्या पेट्या आल्या. निवृत्त हेडमास्तर आणि कॉलनीचे अध्यक्ष तातेराव यांनी तर बैठकीच्या खोलीतच सिमेंटचा हौद बांधला, त्याला समोरून एक काच बसवली आणि नारळ फोडून त्याला अ‍ॅक्वेरियम म्हणून जाहीर केलं. आता उणीव एकच होती, ती माशांची. भर उन्हाळ्यात औरंगाबादहून मासा जिवंत पोचत नव्हता, आणि मंठ्याच्या बाजारात जो मिळे तो पोहण्याच्या अवस्थेत नसे.

तेव्हा तातेराव जगन्नाथरावांकडं आले. त्यांची योजना साधी होती. भुजंगराव ज्या घरात पुढच्या दारानं शिरतील त्या घरी मासा हजर असेल. ते चहा घेऊन निघाले की मासा मागच्या दारानं, दुधाच्या किटलीतून पुढच्या घरी.

"शेजारी विरजण मागायला आला तर आपण न्हाई म्हणतो का?" तातेराव म्हणाले. "हे बी तसंच समजा."

जगन्नाथरावांना नाही म्हणायचं होतं. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

तपासण्या सुरळीत पार पडू लागल्या. घरोघरच्या माशाच्या डाव्या डोळ्यावर तोच काळा ठिपका भुजंगरावांना दिसला, तेव्हा शेजारच्या पुष्पाबाईंच्या घरी ते म्हणाले की सगळे एकाच खानदानातले दिसतात. पुष्पाबाईंनी ते सख्खे भाऊ असल्याचं सांगून चहात साखर वाढवली. संध्याकाळी मासा घरी आला की पेटीच्या कोपऱ्यात पडून राही आणि त्याचे कल्ले भराभर हलत. जगन्नाथराव काचेपाशी बसून त्याची माफी मागत. विमलबाईंनाही बघवेना. किटलीला ऊन लागू नये म्हणून त्या तिला ओलं फडकं गुंडाळून देऊ लागल्या.

"उद्या त्या तातेरावाला सांगा, बिलकुल देणार न्हाई म्हणून," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला न्हाई म्हणता बराबर येतं तुम्हाला."

इकडं भुजंगरावांचा अहवाल वर गेला. सरोवर नगरात घरटी एक मासा, त्यात उन्हाळा कडक, म्हणजे बाब गंभीर होती. माणसांसाठी टँकर मागता मागता कॉलनीच्या चपला झिजल्या होत्या, कारण माणसं कोणत्या नियमात बसवायची हे ठरत नव्हतं. मासे चटकन बसले. जलचरांसाठी विशेष टँकर मंजूर झाला. अट एकच, घरातला मासा हयात असला पाहिजे. मुकी जनावरं दगावली तर बोभाटा होतो, म्हणून पाणी उत्तम शुद्ध करून द्यावं असाही शेरा पडला. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर सढळ हातानं ओतली गेली.

टँकर आला तेव्हा जगन्नाथराव ऑफिसात होते आणि मासा पाळीप्रमाणं तातेरावांच्या हौदात होता. टँकरवाल्यानं पाइप थेट हौदात सोडला. त्या दिवशी सरोवर नगरानं मनसोक्त पाणी भरलं. कुणी गोधड्या धुतल्या, कुणी स्कूटर धुतली. संध्याकाळी जगन्नाथराव किटली घेऊन गेले तेव्हा मोठेसाहेब उताणा तरंगत होता. तो शुद्ध पाण्यानं मेला होता.

जगन्नाथरावांनी त्याला ओंजळीत घेतलं आणि भर रस्त्यानं रडत घरी आले. विमलबाईंनी उलथनं घेऊन जास्वंदीच्या कुंडीत खड्डा केला आणि पदर डोळ्याला लावला.

तातेरावांनी लगेच सभा बोलावली. दुखवट्याची असेल म्हणून जगन्नाथराव गेले. ठराव असा झाला की मासा मेलेला नाही. मेला म्हटलं की टँकर बंद, आणि मंग सगळ्यांला पाणी तुम्ही पाजणार का, असं तातेरावांनी त्यांना सर्वांदेखत विचारलं. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत पुष्पाबाईंनी प्लॅस्टिकचा मासा घेतला होता, तो उपयोगी पडला. त्याच्या डोळ्यावर काजळाचा ठिपका दिला, दोऱ्यानं त्याला खड्याशी बांधलं. पुढं प्रत्येक घरानं आपापला आणला, म्हणजे किटलीची दगदगही वाचली. हे मासे खात नव्हते, मरत नव्हते, वीज गेली तरी त्यांचं अडत नव्हतं. मासे पाळण्याचा शौक इतका बिनघोर कधीच नव्हता. असाच एक तातेरावांनी स्वतः येऊन जगन्नाथरावांच्या पेटीत सोडला.

पुढच्या तपासणीला भुजंगराव आले. पंपाच्या बुडबुड्यांत प्लॅस्टिकचा मासा डुलत होता आणि काजळ ओघळून त्याच्या गालावर आलं होतं. विमलबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नवऱ्याकडं बघत होत्या.

जगन्नाथरावांचं तोंड उघडलं, आणि या वेळी मिटलं नाही. "मासा मेलाय, साहेब. तुमच्या टँकरनं मेला. हा खोटा आहे. समद्यांचेच खोटे आहेत."

भुजंगरावांनी मागं वळून दार लोटून घेतलं. "हळू बोला. माझ्या घरी बी असाच आहे. वरच्या साहेबांच्या बंगल्यावर तर जोडी आहे." मग पेटीत वाकून ते म्हणाले, "काजळ नका लावू. डांबर लावा, ओघळत न्हाई."

ते गेल्यावर जगन्नाथरावांनी पेटी उचलली आणि जास्वंदीत रिकामी केली. त्यांचा टँकर बंद झाला. तेव्हापासून कॉलनीत येईल त्या पाहुण्याला ते खरी हकीकत सांगतात. लोक ऐकून घेत नाहीत असं नाही.

तुम्हालाही त्यांनी सांगितली होती. भर वैशाखात सोयरिकीच्या बैठकीला तुम्ही तातेरावांकडं गेला होतात, तेव्हा जगन्नाथराव दारात उभे राहून बोलले. तुम्ही हौदाच्या काचेत निरखून पाहिलंत. दोरा दिसला, डांबराचा ठिपकाही दिसला. तेवढ्यात आतून गार पाण्याचा तांब्या आला. तुम्ही एका दमात ग्लास संपवलात, मासा मोठा तरतरीत आहे म्हणालात आणि ग्लास पुन्हा पुढं केलात.