पेट्रोलची पोर, डिझेलचं घर

उखा गेअरबॉक्सची लग्नं जुळवतो. हा शब्द माझा नाही, त्याचाच आहे. उतरवलेला गेअरबॉक्स तो आधी डिझेलने धुणार, फडक्याने पुसणार आणि गॅरेजातल्या खाटेवर ठेवून देणार. मग ज्या इंजिनाला तो लावायचा, त्याच्यासमोर ती खाट ओढत आणणार आणि दोघांना थोडा वेळ तसंच ठेवून स्वतः बिडी ओढत बसणार. कुणी विचारलं तर म्हणणार, ''मी फक्त तोंडं दखाडस. संसार त्यास्ना त्या करतीन.''

शहाद्याजवळ लोणखेड्याच्या रस्त्यावर आमची दोघांची गॅरेजं समोरासमोर आहेत. माझ्याकडे पेट्रोलच्या गाड्या, त्याच्याकडे डिझेलच्या. असं कुणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं. आमच्याकडे पिकअप फार. पपई, केळी, कापूस, मिरची, वऱ्हाड, सगळं त्यांतूनच जातं. एखाद्याचा गेअरबॉक्स गेला आणि नवा मागवला, तर सुरतेहून यायला आठवडा लागतो. पपई आठवडा थांबत नाही. मग उखा म्हणतो, ''नवा कसाले? पेट्रोलना घरनी एक पोर शे नानाकडे. देखी लेऊत.''

नाना म्हणजे मी. पोर म्हणजे माझ्याकडचा जुना गेअरबॉक्स.

आता ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाच कंपनीच्या पेट्रोल आणि डिझेल पिकअपचे गेअरबॉक्स बाहेरून सख्खे भाऊ वाटतात. पण डिझेलचं इंजिन हळू फिरून जोर लावतं, त्यामुळे त्याची क्लच प्लेट रुंद. पेट्रोलचं भरभर फिरतं, त्याची प्लेट लहान. बोल्टची भोकं सरकलेली असतात, शाफ्टचे दाते कमीजास्त असतात. सगळं नीट जुळवायचं तर कानस, लेथ आणि अक्कल, तिन्ही लागतात. उखाकडे कानस होती.

मी त्याच्याहून चांगला मेकॅनिक आहे. हे मी घमेंडीने लिहीत नाही. शहाद्यात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल आणि मग गाडी उखाकडे घेऊन जाईल. हेच तर माझं दुखणं होतं.

कळसाडीच्या एका माणसाच्या पेट्रोल पिकअपला उखाने डिझेलचा गेअरबॉक्स बसवला. गाडी सुरू झाली, पण माल भरला की पहिल्या गेअरमध्ये नुसती हंबरायची आणि पाचवा टाकला की मान टाकायची. मी त्या माणसाला रस्त्यात गाठून मुद्दाम विचारलं, ''काय भाऊ, पाचवा पडस का?'' मला वाटलं शिव्या देईल. तो हसून म्हणाला, ''पडस ना! पन उखाआप्पानी सांगेल शे, पाचवा जावाई शे. त्याले कामले लावानं नई.''

असं काही मला एका जन्मात सुचलं नसतं. मी गाडी दुरुस्त करून द्यायचो. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि जायचं. उखाकडे गाडी निम्मीच दुरुस्त व्हायची, पण गिऱ्हाईक दोन चहा पिऊन, पोट धरून हसून, वर आणखी एका गिऱ्हाइकाला घेऊन परत यायचं. त्याच्या बाकावर जागा नसायची. माझा बाक सागवानी होता आणि त्याच्यावर मांजर झोपायचं. चहावाला आधी त्याच्याकडे जायचा. एवढंच काय, निंबाचं झाड माझ्या दारात, पाणी मी घालायचो, पण दुपार कलली की त्याची सावली रस्ता ओलांडून उखाच्या दारात जाऊन पडायची. त्या सावलीचाही मला राग यायचा.

त्यातून दुपारचा त्रास वेगळाच. बरोबर जेवणाच्या वेळी, सगळे घरी पांगले की, हा हातात एखादी प्लेट नाहीतर बेरिंग घेऊन रस्ता ओलांडायचा.

''नाना, ह्या दात मोज रे जरा.''

''तू मोज ना! तुले डोया नई का?''

''मन्हा डोयास्ले डिझेलन्या गाड्यास्नी सवय शे. तुन्हा पेट्रोलनं माले काय समजस?''

मग मी डबा बाजूला ठेवून मोजायचो. तो डब्याकडे बघायचा. ''मी जेवीसनी उनू,'' म्हणजे जेवून आलो, असं म्हणून कळण्याची अर्धी भाकर ठेच्याबरोबर खायचा. पुढे आमच्या घरातून डब्यात एक भाकर जास्त यायला लागली. मी विचारलं तर बायको म्हणाली, ''उखाभाऊ येतस ना. बिचारा किती हसाडतस!'' मी या बाईला इतक्या वर्षांत कितीदा हसवलं, ते मोजायला गेलो आणि मध्येच सोडून दिलं.

आता तोरणमाळच्या घाटाची गोष्ट. ही गोष्ट आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. उखाने पेट्रोलचा गेअरबॉक्स बसवलेली धानोऱ्याची एक डिझेल पिकअप माणसं भरून तोरणमाळला देवाला निघाली. घाटात क्लच जळाला, धूर निघाला, गेअरबॉक्स गळून दरीत गेला. देवदर्शन इंजिनाने एकट्याने केलं आणि सासरचं माणूस हरवलं म्हणून ते रडत खाली आलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ही गोष्ट मी रचली. गाडी पंक्चर झाली होती. जॅक घरी राहिला होता, म्हणून ती घाटात उभी राहिली. क्लच ठणठणीत होता. गेअरबॉक्स तर अजूनही त्याच गाडीत आहे. लोकांना हसवता येतं हे मला पहिल्यांदा कळलं होतं, म्हणून मी ती चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर सांगत सुटलो.

लोक हसले. पण हसणं संपल्यावर घरी जाऊन विचार करायला लागले. ज्यांना बायकापोरांना घेऊन घाटात जायचं होतं, ते आधी उखाकडे यायचे थांबले. मग पपईवाले थांबले. गावाबाहेर कंपनीचं मोठं वर्कशॉपही तेव्हाच उघडलं, मी बरीच वर्षं सगळा दोष त्याच्यावरच टाकून मोकळा होत होतो. उखाचा बाक रिकामा झाला. तरी त्याच्यावरची माणसं काही माझ्या बाकावर आली नाहीत.

एकदा मी त्याला खरं सांगायला गेलो. म्हटलं, ''उखा, ती घाटनी गोष्ट... गाडी पंक्चर व्हयेल व्हती. माले मालूम व्हतं.''

''मालेबी मालूम शे,'' तो म्हणाला. ''मन्हाच हातनी गाडी ना ती.''

''मंग तू सांगत काब्रं नई लोकस्ले?''

''नाना, पंक्चरवर कोन हासस?'' आणि वर मलाच म्हणाला, ''तू दरीवर लवकर येस. आधी धूर जरा येळ चालू दे.''

मला कळेना, रागवावं की पाया पडावं. तो स्वतःच ती गोष्ट सांगत फिरायचा, हे मला नंतर कळलं. माझ्यापेक्षा चांगली सांगायचा, अर्थातच.

यंदा माझे गुडघे बोलायला लागले. मुलगा सुरतेला असतो. त्याचं एकच चाललेलं, गॅरेज विकून टाका आणि दोघं इकडे या. मलाही पटलं. जागेला गिऱ्हाईक मिळालं, दिवाळीनंतर चावी द्यायचं बोलणं झालं. मी चहावाल्याला सांगितलं, म्हणजे सगळ्या रस्त्याला सांगितलं.  उखा दुपारी यायचाच थांबला. मला वाटलं, बरं झालं. मग जेवताना सारखा रस्त्याकडे बघायला लागलो.

एका दुपारी तो आला. हातगाडीवर गेअरबॉक्स, मांडीएवढा आणि जड, आणि खांद्यावर क्लच प्लेट. घामाघूम.

''बठत नई, नाना. सकायपासून मरी ऱ्हायनू. तू देख.''

मी चष्मा लावला. प्लेट डिझेलची, गेअरबॉक्स डिझेलचा. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच गाडीचे. कारखान्याचा खुणेचा रंगसुद्धा दोन्हींवर सारखा होता. यात जुळवायचं काही नव्हतंच. मी प्लेट शाफ्टवर धरली आणि नुसती सोडली. ती लोण्यातून जावी तशी सरकली आणि बसली.

आम्ही दोघंही त्या प्लेटकडे बघत राहिलो.

''तुन्हा हातमा बठनी,'' तो म्हणाला आणि हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

त्याची बायको जाऊन खूप काळ झाला. मुली लग्न होऊन गुजरातेत गेल्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण समोरचा बाक कायम भरलेला पाहत होतो ना, म्हणून त्या माणसाची दुपार रिकामी असेल हे कधी डोक्यात आलं नाही. पेट्रोल आणि डिझेलची गाठ घालायची तर दर वेळी माझ्याकडे यावंच लागतं. शहाद्याच्या दुकानात मापाच्या तयार प्लेटा तेव्हाही मिळत होत्या, हे मला आता आठवलं.

मग तो म्हणाला, ''सुरतमा गाड्या बिघडतस का रे?''

''बिघडत व्हतीन. माले कोन हात लावू दी?''

''ते बी शे.''

तो हातगाडीकडे वळला. मी शाफ्ट धरला, प्लेट दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढली, उजेडाकडे नेऊन नीट पाहिली आणि मान हलवली.

''उखा, एक दात अटकस. आज नई जमाव.''

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग प्लेटकडे पाहिलं. ''माले वाटनंच,'' तो म्हणाला. ''कवय येऊ?''

''उद्या ये. जड शे, गेअरबॉक्स आठेच ऱ्हाऊ दे.''

दिवाळी होऊन गेली. जागेच्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून सांगितलं. मुलाचा फोन येतो, कधी येताय म्हणून विचारतो. मी म्हणतो, एक काम हातात आहे रे, क्लच काही केल्या बसत नाही.