दोन डोक्यांचा शर्ट

शिंपी शेजारच्या सलूनवाल्यापेक्षा केस चांगले कापायचा. कात्री हातातलीच, त्यामुळे चारही मुलांची डोकी तो घरीच मार्गी लावायचा. पण आज संध्याकाळी शाळेचे शर्ट द्यायचे होते, नाहीतर वर्षभराचं काम समोरच्या दुकानात जाणार होतं. त्यात दुपारी घरातल्यांचा फोटो होता, म्हणून बायकोनं झिपऱ्या पोरांची रांग मशीनपुढे उभी केली.

सासुरवाडीला आलेले जावई अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. गप्प बसणं त्यांना जमत नसे.

"बाबा, दोन डोकी कापता तेवढ्यात तुमचा एक शर्ट होतो ना?"

"होतो की."

"म्हणजे दोन डोकी तुम्हाला एका शर्टाला पडली! सलूनवाल्याला शर्ट शिवायला आठवडा लागेल. केस कापताना त्याचं नुकसान काहीच नाही."

"अहो, पण तो हजामत फार वाईट करतो!"

"शर्ट त्याहून वाईट शिवेल. त्याला केस कापू द्या, बदल्यात दुकानाचा पडदा शिवून द्या. दोघांचाही फायदा!"

जावयापुढे बोलायची सोय नव्हती. पोरं गेली आणि तासाभरानं गळा काढत परतली. एकाचा कल्ला गायब, दुसऱ्याच्या मानेवर पायऱ्या, तिसऱ्याच्या टाळूवर मैदान. चौथा डोक्यावरचे हात काढायलाच तयार नव्हता.

"फोटो असा काढायचा?" बायको कडाडली. "आधी टोप्या शिवा!"

शिंप्यानं शर्ट बाजूला सारून टोप्या शिवल्या. धाकट्याला टोपी टोचत होती म्हणून अस्तर लावलं. तेवढ्यात सलूनवाला पडद्याचं कापड घेऊन हजर. कबूल केलेलं, करणार काय!

संध्याकाळी हेडमास्तर दारात आले तेव्हा एकाही शर्टाला बटण नव्हतं. शिंप्याची नजर जावयांवर गेली. जावयांचे केस मात्र झकास दिसत होते.

"जावईबापू, तुम्ही केस कुठं कापता हो?"

"मी?" जावई चाचरले. "घरीच... आरशात बघून."

शिंप्यानं हेडमास्तरांना बाहेरच्या बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि सुई ओवून जावयांच्या हातात दिली.

"बाबा, मला बटणं लावता येत नाहीत!"

"ठाऊक आहे," शिंपी शांतपणे म्हणाला. "पण सल्ला त्याहून वाईट देता. लावा."