गुडघे वाकवून रायफल पाहणारे परब

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला आणि धनत्रयोदशीला माझे शेजारी श्री. दाजीबा परब यांना अपमान सोसावा लागला. पहिल्यास फोर्टातील बंदुकीच्या दुकानाचे मालक, दुसऱ्यास आमच्या भागातील हवालदार आणि तिसऱ्यास परवाने देणारे अधिकारी जबाबदार आहेत.

परब गिरणीतून निवृत्त झालेले. इतके उंच, की आमच्या गिरगावच्या चाळीत त्यांना दारातून मान लववूनच शिरावे लागते. शिकारीची स्वस्तातली रायफल निवडणे हा त्यांचा ध्यास. दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे मागची दांडी, ओढावी लागते, अशी साधी. दर शनिवारी ते दुकानात जात, गुडघे वाकवून जवळजवळ निम्मे होत, रायफल खांद्याला लावीत आणि बोल्ट केवळ दोन बोटांनी ओढून पाहत.

"खांद्याक लावचो दस्तो लांब. दुसरी दाखवा."

दुसरी जड निघे, तिसरीचा बोल्ट घट्ट. चौथीची किंमत ऐकून ते म्हणत, "ही संस्थानिकांक द्या."

अखेर मालकांनी चार गिऱ्हाइकांदेखत सुनावले, "काका, तुम्ही टिकल्यांचं पिस्तूल घ्या."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे. बंदुकीची चौकशी करणारा मनुष्य पोलिसांच्या नजरेत भरायचाच. हवालदार थेट गॅलरीत आले.

"परब, बंदूक कुणावर झाडणार?"

"डुकरावर."

"त्याचं नाव सांगा."

परबांना दुपारभर चौकीत बसवले. कोणत्या कलमाखाली, असे मी लेखी विचारले. तेव्हा चहा पाजून सोडले. परतताना मी विचारले, "परब, डुकरे तुमच्या गावी, तुम्ही गिरगावात. आणि ते गुडघे कशासाठी वाकवता?"

"भाऊसाहेब, रायफल माझ्यासाठी न्हय. माझ्या भयणीसाठी, आवडेसाठी. ती माझ्या काखेपर्यंतच येता. तिचां मनगट मोडल्यापासून दोनच बोटांत जोर उरलो आसा."

बहीण विधवा; रताळ्यांचे शेत आणि डुकरे हाकायला रात्रभर वाजवायचा पत्र्याचा डबा, एवढाच तिचा संसार.

"तुम्हीच का जात नाही राखणीला?"

"ती म्हणता, 'दादा, तू नको, बंदूक धाड.' मागच्या खेपेक डुकराची पिल्लां बगून मी डबो वाजवूक इसारलंय."

एवढे सांगून ते मान लववून चाळीच्या दारातून आत शिरले.

पुढे आवडाबाईंना पेलेल अशी जुनी, हलकी रायफल दुकानात सापडली. परवान्याचा अर्ज मी कायद्याला धरून लिहून दिला. धनत्रयोदशीला परब बहिणीस घेऊन कचेरीत उभे राहिले. अधिकाऱ्यांनी अर्ज उघडला नाही; आवडाबाईंना विचारले, "घरात पुरुष नाही का?"

त्या म्हणाल्या, "आसा ना, हो बाजूक उभो. पण ह्याच्या हातात बंदूक दिलास, तर डुकरां घरात येऊन जेवतली."

कचेरी हसली, परबही हसले. अर्ज मात्र तसाच परत आला. रताळी आता पोसू लागली आहेत आणि आवडाबाई पुन्हा डबा घेऊन शेतात बसतात. स्त्रीने परवाना मागू नये, असे कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिले आहे, ते सदर अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नाव-हुद्द्यासह, रताळी काढणीला येण्यापूर्वी, वृत्तपत्रातून जाहीर करावे.